बर्फाची पेटी आणि मागाचा खड्डा

सोलापूरला जाऊन आले असं सांगितलं की साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, "कोणाकडे?" कोणाकडे नाही म्हटलं की दुसरा येतो, "मग लग्न कोणाचं होतं?" लग्नही नव्हतं. मी सोलापूर बघायला गेले होते. एवढं सांगून झाल्यावर माणसं माझ्याकडे अशी बघतात की जणू मी वैशाखात पावसाळी खोळ पांघरून उभी आहे. विधवा मास्तरीण, चाळिशी उलटलेली, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत एकटी सोलापूर बघायला जाते. बघण्यासारखं आहे काय तिथं?

आहे. मी सोलापुरी लुगडी नेसते. धुण्याला टिकतात, रंग सोडत नाहीत. आयुष्यभर अंगावर घेतलेली गोष्ट कुठं आणि कशी होते ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढाच माझा हेतू होता. तो पुरेसा आहे असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

अडचण होती ती वेगळीच. मला मधुमेह आहे. पूर्वी या दुखण्याचा माणूस वाळत वाळत जायचा. आता इन्सुलिन नावाचं औषध निघालं आहे, त्यावर मी जगते. ते पोटात घेऊन उपयोगी पडत नाही. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी काचेच्या पिचकारीनं टोचून घ्यावं लागतं, आणि टोचल्यावर थोड्याच वेळात जेवलंच पाहिजे. जेवण चुकलं की रक्तातली साखर एकदम उतरते आणि माणूस घेरी येऊन पडतो. शिवाय औषध गारव्यात ठेवावं लागतं. ते पाण्यासारखं नितळ असतं. तापून गढूळ झालं की गेलं.

आमच्या घरी ही बाटली माठाच्या तिवईखाली असते. आल्यागेल्याला वहिनी सांगते की ते गुलाबपाणी आहे. कारण हे औषध जनावराच्या पोटातून काढतात हे दादाला डॉक्टरांकडून कळलं, आणि त्या दिवसापासून माझी सुई ही घरातली झाकून ठेवायची गोष्ट झाली. मी माजघराचं दार लोटून टोचून घेते आणि पदर सारखा करून पानावर येऊन बसते.

सोलापूरचं नाव काढल्यावर दादा म्हणाला, "सुईवर जगणाऱ्या माणसानं उंबरठा धरून राहावं." मी तिकिटाची चौकशी करून आल्यावर मात्र तो वकिली भाषेत उतरला. "जा. पण औषध नासलं तर पहिल्या गाडीनं परत यायचं, आणि पुन्हा या घरात प्रवासाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

*कुर्डुवाडी*

बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या एका बोळक्यात ठेवल्या होत्या. दौंड सुटेपर्यंत फडकं ओलं राहिलं. पुढे वारा असा सुटला की पाणी शिंपडायचा आणि सुकायचा एकच खेळ झाला. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते. मी उतरून थेट साहेबलोकांच्या उपाहारगृहाच्या दारात गेले आणि बर्फाचा तुकडा मागितला. पांढऱ्या फेट्याचा खानसामा म्हणाला, "बरफ साहब लोगों के वास्ते है." मी म्हटलं, "साहेब तर एकही दिसत नाही," आणि दारातच बोळकं मांडीवर घेऊन बसले. पण आत कोपऱ्यात एक गोरा जेवत होता. तो काटा हातात धरून माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा खानसाम्यानं घाईघाईनं मुठीएवढा बर्फ आणून फडक्यात टाकला. आभार मानले. उठताना गुडघा धरला, पण बर्फ मिळाला.

गाडीत समोर वैरागची एक म्हातारी होती, बार्शीकडच्या आपल्या गावाचं कौतुक सांगत होती. तिनं फडक्यातून पाणी ठिबकताना बघून विचारलं, "बाई, मासळी हाय व्हय?" मी म्हटलं, औषध आहे. ती लगेच सरकून बसली आणि आपल्या गाठोड्याची सावली बोळक्यावर करून दिली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढची दोन पानं माणसांविषयी वाईट लिहायची आहेत.

*सात रस्ता*

सात रस्त्याजवळच्या एका बोर्डिंग-लॉजिंगला मी आधी कार्ड टाकलं होतं. "बर्फाची पेटी आहे काय?" असं विचारलं होतं, आणि "आहे, अवश्य यावे" असं उत्तर आलं होतं. मालक गुंडेराव. अक्कलकोटकडचे, बोलताना मधूनच कानडी सूर लावणारे, अंगावर उपरणं, कपाळाला गंध. त्यांनी दारातच माझं स्वागत केलं आणि जेवणघराच्या तोंडाशी ठेवलेल्या पेटीवर हात ठेवला.

"ही बघा की. कलेक्टरसाहेबाच्या लिलावात घेतली. अशी पेटी अख्ख्या पेठेत न्हाय."

पेटी खरोखर देखणी होती. सागवानी, पितळी कड्या, आतून जस्त मारलेलं असं त्यांनी सांगितलं. वर फुलदाणी होती.

"छान," मी म्हटलं. "मग ही माझ्या खोलीत द्या, किंवा हिच्यात माझ्या बाटल्यांना जागा द्या."

गुंडेरावांचा चेहरा बदलला. "बाटल्या?"

त्याच वेळी माझ्या पिशवीतून स्पिरिटचा वास आला असावा. सुया पुसायला मी स्पिरिट बाळगते. गुंडेरावांनी नाक वर केलं, मग माझ्या पांढऱ्या कपाळाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. मद्यपान करण्यास सक्त मनाई.

"बाई, हितं सभ्य लोक उतरतात. पेटी खोलीत मागणारे आमी लई बघितले. पण बाईमाणसानं..." आणि त्यांनी हात जोडले.

मला क्षणभर काही कळेनाच. कळलं तेव्हा माझं डोकं असं तापलं की सोलापूरचं ऊनही गार वाटावं. माझी टोचायची वेळ झालेलीच होती. आत पंगत बसली होती; मी तिथल्या खिडकीशी गेले, पिशवी उघडली, बाटली उजेडात धरून नितळ आहे ना ते बघितलं, पिचकारी भरली, पदर बाजूला केला आणि सगळ्यांच्या समोर दंडात सुई घातली. आयुष्यात पहिल्यांदा दार न लोटता.

"ही बघा माझी दारू," मी म्हटलं. "आता पान वाढा."

पंगतीतले काही जण हात तसेच धरून बसले. एक जण पान सोडून उठलाच. गुंडेराव ओशाळले, हे खरं. "औषध हाय होय! मग आधी सांगायचं की," म्हणत ते पेटीकडे वळलेसुद्धा. पण पंगतीत एक वकील होते, त्यांनी इन्सुलिनविषयी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यांनी भाताचा घास गिळून माहिती पुरवली: "हे जनावराच्या पोटातल्या ग्रंथीपासून काढतात बरं का."

गुंडेरावांचा हात कडीवरून मागे आला. "अय्यो! पेटीत दही हाय, लोणी हाय. सोवळ्याचं हाय सगळं. न्हाय जमणार, बाई."

"मी जेवायला चालते आणि माझी बाटली चालत नाही?"

"तुमी तुमचं शरीर. पेटी माझी हाय की."

मी जेवले, कारण जेवायलाच हवं होतं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे चटणी शेंगदाण्याचीच, पण सोलापूरकर ती कुटून कुटून तिला तेल सोडायला लावतात. रागाच्या भरातही ती दोनदा मागून घेतली. ती रात्र बाटल्या ओल्या फडक्यात खिडकीला टांगून काढली. सकाळी फडकं पापडासारखं कडक झालं होतं आणि बाटलीला हात लावला तर कोमट. उजेडात धरली. अजून नितळ होती. पण आणखी एक दिवस असाच गेला तर दादाची अट मी हरले, हे मला स्पष्ट दिसत होतं. पहिल्या गाडीनं परत, आणि पुन्हा कुठंच नाही.

*मागावर*

सकाळचं टोचून, जेवून मी टांगा केला. टांगेवाले इब्राहिमभाई बोलके. विणकरांच्या पेठेत चला म्हटल्यावर म्हणाले, "लुगडा लेना है तो दुकान में चलो ना बाई, उधर क्या देखते?" मी म्हटलं, लुगडं घ्यायचं नाही, होताना बघायचं आहे. ते हसले आणि घोड्याला म्हणाले, "सुन रे, बाई देखने कू आए." घोडं गुणी होतं. पिशवीत घेरीसाठी म्हणून खडीसाखर बाळगते, त्यातली मी त्याला चारली. तिथंच चुकलं, ते पुढे येईल.

पेठेत पाऊल टाकल्यावर घरोघरी एकच आवाज. खटाक, खटाक. इथले विणकर तेलुगू बोलणारे. मराठीही बोलतात, पण आपल्या वळणानं. एका दारात एक बाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. ठसठशीत कुंकू, नाकात मोठी चमकी. तिचं नाव नरसम्मा. बघायला आले म्हटल्यावर तिनंही तोच प्रश्न विचारला, "नुस्तं बघाया?" मग आत हाक मारली आणि मला घेऊन गेली.

बाहेर अंगार होता आणि आत पाऊल टाकलं तर अंगावर शहारा आला. जमीन ओली. खिडकीला भिजवलेली गोणपाटं. मध्ये माग, आणि मागाखाली कमरेएवढा खड्डा. त्यात पाय सोडून नरसम्माचा नवरा राजय्या बसला होता. खाली पायांनी पावड्या दाबायचा, वर हातांनी आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे फेकायचा. हिरव्या अंगाचं, लाल काठाचं लुगडं होत होतं.

"एवढं पाणी का शिंपलंय?" मी विचारलं.

"सूत सुकलं की तुटतंय, अम्मा," नरसम्मा म्हणाली. "उन्हाळ्यात दिवसभर पाणी मारायचं. न्हायतर बांधत बसा गाठी."

मी वाकून खड्ड्यात हात घातला. थंडगार. साताऱ्याच्या आमच्या माठाखाली असतो तसा गारवा. लुगड्याचं सगळं विसरून मी बोळकं पुढे केलं आणि सरळ विचारलं, या खड्ड्यात हे ठेवू द्याल का? काय आहे, कशापासून काढतात, सगळं सांगून टाकलं. पुन्हा कोणा वकिलानं माझ्या वतीनं सांगायला नको.

राजय्या धोटा थांबवून म्हणाला, "फुटलं तर पायात काच जाईल माझ्या." यात तथ्य होतं. नरसम्मानं नवऱ्याकडे बघितलं, बोळकं घेतलं, त्याला सुतळी बांधली आणि खड्ड्याच्या कडेला, त्याच्या पायापासून लांब, मागाच्या खांबाला टांगलं. मागाला हात लावून तो कपाळी नेला, पाहुणा आत घेताना देवाला सांगावं तसा. "चपला तेवढ्या बाहेर ठिवा," ती मला म्हणाली. "माग हाय हा." मी धावत जाऊन चपला काढल्या.

दुपारी निश्चिंत मनानं गाव बघितलं. भुईकोट किल्ला आम्हा डोंगरकिल्ल्यांच्या माणसांना आधी जरा चेष्टेचा वाटतो, कारण चढायलाच काही नाही. पण खंदकापाशी उभं राहिलं की तटाची जाडी अंगावर येते. सिद्धेश्वराच्या तळ्यात मधोमध देऊळ, आणि वाटेवर तापलेल्या फरशीवरून मी अनवाणी अक्षरशः नाचत गेले. माझ्या मागून एक आजी शांतपणे चालत आली आणि म्हणाली, "पळू नका बाई, पळालं की जास्त भाजतंय." तिचं ऐकलं. भाजायचं ते भाजलंच.

संध्याकाळी पेठेत येऊन नरसम्माच्या ओसरीवर टोचून घेतलं. शेजारच्या बायका गोळा झाल्या. एकीनं विचारलं दुखतं का, एकीनं विचारलं कायमचं का. दोन्हीला हो म्हटलं. मग टांग्यात बसून जेवायला बोर्डिंगकडे निघाले. वेळ पुरेसा होता. पण वळणावर घोड्याचा नाल निखळला. इब्राहिमभाई खाली उतरले आणि घोडं सोडून नाल ठोकून घ्यायला घेऊन गेले. दुसरा टांगा दिसेना. मी चालत निघाले आणि थोड्याच अंतरावर हात थरथरायला लागले, कपाळावर घाम फुटला, समोरची दुकानं हलू लागली. खडीसाखरेसाठी पिशवीत हात घातला तर पुडी रिकामी. घोड्यानं फस्त केली होती.

बोर्डिंग लांब होतं, नरसम्माचं घर जवळ. मी मागे वळले. कशी पोचले ते आठवत नाही. ओसरीचा खांब धरला होता आणि "गूळ" एवढं म्हटलं, हे आठवतं. नरसम्मानं गुळाचं पाणी माझ्या तोंडाला लावलं. त्या घरचं पाणी, त्या घरचं भांडं. मी गटागटा प्यायले. डोळ्यांपुढचं स्थिर झाल्यावर ती मला रागे भरली, अगदी थोरल्या जावेसारखी.

"टोचून घ्यायचं आनि उपाशी गावभर फिरायचं? शाळेत शिकवताय म्हनं तुमी!"

"बोर्डिंगात जाऊन जेवणारच होते."

"बोर्डिंग काय पळून जातंय? हितं भाकरी हाय, चिंचेचं वरण हाय." मग तिचा आवाज जरा उतरला. "पन तुमी बामण. आमच्यात जेवाल का?"

ताटात भाकरी होती. वहिनी काय म्हणेल, दादा काय म्हणेल, हे सगळं मला त्या एका क्षणात ऐकू आलं. आणि मला भूक लागली होती, आणि मला जगायचं होतं. मी भाकरी मोडली. ते आंबट, लाल, तिखट वरण मी बोटं चाटून खाल्लं. त्या ओसरीवर मला रडू आलं ते तिखटानं आलं असं मी नरसम्माला सांगितलं. ते खरं नव्हतं. इतकी वर्षं सुईच्या आधी दार लोटून घेतलेली मी, उघड्या ओसरीवर टोचून घेऊन उघड्या ओसरीवर जेवत होते, आणि कोणी उठून गेलं नव्हतं.

*पुन्हा गुंडेराव*

नाल ठोकून आलेल्या इब्राहिमभाईंनी मला बोर्डिंगवर सोडलं आणि काळजीपोटी दारातच गुंडेरावांना सगळी हकीकत सांगितली. बाई कशी पडता पडता वाचली, विणकराच्या घरी कशी पोटभर जेवली. त्यांच्या दृष्टीनं ही आनंदाची बातमी होती.

सकाळी गुंडेराव माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत न येता म्हणाले, "बाई, आता पंगतीत न्हाय बसवता येणार. पान खोलीत पाठवतो. लोक बोलतात की."

"पाठवू नका," मी म्हटलं. "माझं औषध जिथं राहतं तिथं मी जेवते. काल अडले म्हणून जेवले. आज ठरवून जाते आहे."

आणि गेले. राहायचं ठरवलं होतं तितके दिवस राहिले, एकही कमी नाही. दोन्ही वेळा नरसम्माच्या ओसरीवर टोचून घ्यायचं आणि तिथंच जेवायचं. मधल्या वेळात कांड्या भरायला शिकले. माझ्या कांडीचं सूत इतकं ढिलं यायचं की राजय्या ती गुपचूप बाजूला टाकायचा. बाटली रोज उजेडात धरून बघत होते. नितळ होती. वर लुगडं रोज वाढत होतं आणि त्याच्याखाली माझं औषध गारव्यात टांगलेलं होतं.

निघायच्या दिवशी गुंडेरावांचा हिशेब चुकता करून मी पेटीपाशी थांबले. पंगत बसली होती, ते वकीलही होते. "मला नाकारलेला गारवा एकदा बघू तरी द्या," म्हटलं, फुलदाणी उचलून बाजूला ठेवली आणि झाकण उघडलं.

आत बर्फ नव्हता. दही नव्हतं, लोणी नव्हतं. गुंडेरावांचा घडी घातलेला, सोवळ्यात नेसायचा रेशमी मुकटा होता, डांबराच्या गोळ्या होत्या आणि लोणच्याची एक बरणी होती. आतली हवा भाकरीच्या तव्यासारखी गरम होती. ज्या पेटीत जागा मिळावी म्हणून मी भांडले होते, तिच्यात माझं औषध एका दुपारीच नासलं असतं.

"गुंडेराव, दही कुठंय हो?" वकिलांनी पानावरूनच विचारलं.

गुंडेराव पुढे होऊन झाकण लावायला लागले. मग मोठ्या धीरानं म्हणाले, "उन्हाळ्यात सोलापुरात बर्फ टिकतोय व्हय? लई महाग पडतंय. हिवाळ्यात आणतो की."

मी इतकी हसले की मला खुर्ची धरावी लागली. त्यांच्यावरचा राग मात्र गेला नाही. तो मी सोबत साताऱ्याला आणला आहे.

नरसम्माकडून ते हिरवं लुगडं घेतलं. बोळकं सोडून हातात देताना तिला म्हटलं, आता तुम्ही साताऱ्याला या. ती हसली, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आमी आलो तर तुमच्यात जेवाया बसवाल का, अम्मा? का पान भाईर वाढाल?"

"माझ्या शेजारी बसवीन," मी म्हटलं.

"बघू," ती म्हणाली.

*सातारा*

पोचले त्या संध्याकाळी घरी दादाचे दोन स्नेही जेवायला होते आणि शेजारच्या काकूही आल्या होत्या. मी आंघोळ करून नवं लुगडं नेसून आले. दादानं आधी बाटलीच मागितली. दिव्याशी धरून त्यानं ती उलटीसुलटी केली. नितळ होती. त्यानं ती परत दिली.

"कुठं ठेवली होतीस?" वहिनीनं हळूच विचारलं.

मी सांगितलं. कुठं ठेवली, कोणाकडे जेवले, काय जेवले, आणि त्या बाईला मी या घरी जेवायचं आमंत्रण दिलं आहे, हेही सांगितलं. स्नेह्यांनी एकमेकांकडे बघितलं. दादा म्हणाला, "या घरात?"

"या घरात. माझ्या शेजारच्या पाटावर."

मी माजघरात गेले नाही. तिथंच पाटावर बसून पिचकारी भरली आणि दंडावरचा पदर सारला. काकू पुढे वाकल्या.

"अगंबाई, हे काय? हे ते गुलाबपाणी ना?"

"गुलाबपाणी नाही, काकू. इन्सुलिन. जनावराच्या पोटातून काढतात." सुई काढली, दंड पुसला. दादाच्या स्नेह्यांपैकी एकानं पाट मागे सरकवला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"वहिनी, वाढ आता," मी म्हटलं. "ज्याला उठायचं त्यानं उठावं. टोचल्यावर मला थांबता येत नाही."